बोर्ड तापला, दोष कोणाचा?



विहिरीवरची मोटार घरबसल्या चालू-बंद करणारी आणि सरीतली ओल मोबाइलवर दाखवणारी यंत्रणा आता आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या शिवारातही येऊ लागली आहे. उसाला पाणी किती व केव्हा द्यायचे, हे ठरवण्यासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले इरिगेशन शेड्युलर’ तयार केले. हौशी तरुण तर मोटारीची पेटी घरीच जोडतात. अशा पेटीत बहुधा काडेपेटीएवढा बिनतारी बोर्ड असतो. त्यातली प्रसिद्ध ‘ईएसपी-३२’ ही चिप शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने २०१६ साली बाजारात आणली.

बोर्ड स्वस्त आहे, पण त्याच्या भरवशावर उसाचे पाणी आहे. तापून तो मध्येच अडकला अन् मोटार चालूच राहिली, तर रातभर पाणी वाया जाते. मोटार सुरूच झाली नाही, तर पाळी हुकते.

मग करायचे काय? कारखान्यात मिलचे बेअरिंग तापले की मिस्त्री आधी कारण शोधतो. इथेही तेच करावे. मेन स्विच पाडून पेटी उघडावी आणि बोट टेकवून पाहावे. कोमट लागणे हा दोष नव्हे. बोट दोन-तीन सेकंदही ठेववत नसेल, तर कोणता भाग तापला ते पाहावे. पत्र्याची टोपी असलेली ती चिप, आणि शेजारचा लहान काळा तुकडा तो रेग्युलेटर.

बहुतेक वेळा तापतो तो रेग्युलेटरच. चिपला लागतात ३.३ व्होल्ट. आपण फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी थेट जोडतो. उरलेले ८.७ व्होल्ट रेग्युलेटर उष्णता करून घालवतो. वाय-फाय सतत चालू ठेवल्यास प्रवाह साधारण १०० मिलिअँपिअर धरा, म्हणजे ०.८७ वॉट नुसती उष्णता झाली. तेच ५ व्होल्ट दिले तर फक्त ०.१७ वॉट, म्हणजे पाचवा हिस्सा! अशा वेळी चिपवर पंखा बसवणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

यावर उपाय ‘बक कन्व्हर्टर’चा. त्यावर मीटरने बरोबर ५ व्होल्ट लावून घ्यावेत, मगच बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनला जोडावे. ३.३ च्या पिनला ५ व्होल्ट दिले तर चिप जळते. सोलर पॅनेलही थेट जोडू नये. ‘१२ व्होल्ट’चे पॅनेल उन्हात २० च्या आसपास जाते, आणि या बोर्डांवरच्या नेहमीच्या रेग्युलेटरची सीमा १५ व्होल्टची.

चिपच तापत असेल, तर जोडणी तपासावी. ५ व्होल्टच्या लहान रिलेला सुमारे ७० मिलिअँपिअर लागतात. एवढा भार चिपच्या पिनला पेलत नाही. म्हणून ट्रान्झिस्टर असलेला रिलेचा तयार बोर्ड वापरावा. मोटारीचा भार मात्र स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरनेच उचलावा.

पेटीची जागाही पाहावी. लोखंडी पेटीत रेंज अडते, संदेश पुन:पुन्हा पाठवावा लागतो आणि चिपला विश्रांती मिळत नाही. प्लॅस्टिकची पांढरी पेटी सावलीत लावावी आणि खालून जाळीची भोके ठेवावीत, म्हणजे हवा खेळेल अन् पाल-मुंग्या शिरणार नाहीत.

शेवटची गोष्ट प्रोग्रॅमची. जमिनीतली ओल मिनिटा-मिनिटाला बदलत नाही. नुसती ओल मोजणारा बोर्ड अर्ध्या तासाने उठवावा, माप पाठवावे आणि पुन्हा ‘डीप स्लीप’मध्ये झोपवावा. बॅटरीही टिकते.

सभासदांनी या उन्हाळ्यापूर्वी आपली पेटी एकदा जरूर तपासून घ्यावी. भर उन्हात ऊस पाण्यावर आला असताना पेटी दुरुस्त करत बसायची वेळ येऊ नये.