मुदत ठेव : चार आठवडे

आतड्यातली गाठ कर्करोगाची निघाली आणि सर्जननी चार आठवड्यांनंतरची तारीख दिली. त्या दिवसापासून घरात मी काचेचं भांडं झालो. "अहो, उठू नका, पाणी मी आणते," हे हिचं सुरू झालं. मुलाने दूध आणायचं काम काढून घेतलं. मीही मनातून खूशच होतो. आयुष्यभर आधी बँकेच्या खुर्चीत आणि मग लिहिण्याच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला आराम शिकवावा लागत नाही.

फिजिओथेरपिस्ट मुलीने मात्र पहिल्याच भेटीत विचारलं, "काका, दोन मजले न थांबता चढता?" पहिल्याच मजल्यावर मी कठडा धरला. ती म्हणाली, "मोठं ऑपरेशन हा हृदयाला, फुप्फुसांना मोठा ताण असतो. नंतर पडून राहिलं की स्नायू भराभर झडतात. आधी कमावलेले असले, तर झडूनही काही उरतील."

माझ्यातला बँकवाला जागा झाला. मोठी रक्कम काढायची तारीख ठरलेली, आणि आम्ही घरची मंडळी प्रेमापोटी उरलीसुरली शिल्लकही मोडत होतो!

मग ठेव सुरू झाली. रोज अर्धा तास चालणं. बोलता यावं पण गाता येऊ नये, इतकं भरभर. हात न टेकता खुर्चीतून उठबस. तीन चेंडूंच्या यंत्रातून श्वास ओढणं. ताटात डाळ, दही, अंडी वाढली, सिगारेट सुटली. २०२३ साली आतड्याच्या कर्करोगाच्या २५१ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चार आठवडे व्यायाम, आहार आणि मनाला आधार अशी तयारी केलेल्यांत गंभीर गुंतागुंत शंभरात सुमारे सतरा जणांना झाली, इतरांत सुमारे तीस जणांना. म्हणजे हमी नाही, पण व्याज चांगलं!

हिला ते पटत नव्हतं. मी जिना चढताना ही पदर खोचून मागे उभी राहायची. एकदा डोळे पुसत म्हणाली, "पडलात तर?" मी म्हटलं, "अगं, म्हणूनच तर चढतोय." दुसऱ्या दिवसापासून ही पायऱ्या मोजू लागली. तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं न थांबता दोन मजले चढलो.

एक मात्र सांगतो. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नये. तातडीच्या ऑपरेशनला ही सवड नसते, आणि व्यायामासाठी ठरलेली तारीख आपल्या मनाने पुढे ढकलायची नसते.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी नळ्यांच्या गुंत्यात पडलो होतो. उठायची छाती होत नव्हती. हिने पदर खोचला, नर्सबाईंना हाक मारली आणि माझा हात धरून म्हणाली, "चला, उठा. मी मोजते."