उंची मोजणारी पोकळ डबी

पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागांवरून खाली येत जाणारं विमान बहुधा ओझरला उतरायला निघालेलं असतं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा तिथला कारखाना १९६४चा; आधी मिग-२१, पुढे सुखोई-३० तिथे तयार झाली. कॉकपिटमध्ये आता पडदे आले, तरी उंचीचा हिशेब अजून हवेच्या दाबावरच चालतो.

जुन्या अल्टिमीटरमध्ये पातळ पत्र्याची, वळ्या पाडलेली, हवा काढून घेतलेली डबी असते. विमान वर गेलं की बाहेरचा दाब उतरतो, डबी फुगते. ती केसभर हलली तरी दातेरी चाकं काट्याला शेकडो फूट फिरवतात. मोजला जातो तो दाब. समुद्रसपाटीला १५ अंश तापमान आणि १०१३.२५ हेक्टोपास्कल दाब असलेली एक प्रमाण हवा गृहीत धरून यंत्र त्याचे फूट करतं.

आपल्याकडची हवा तशी क्वचितच असते. निफाडचा पारा पाच अंशांवर आला की बागाईतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात. थंड हवा आकसते, दाबाचे थर जवळ येतात आणि विमान काट्यापेक्षा खाली असतं. पण किती? ढोबळ नियम, दर १० अंशांच्या फरकाला ४ टक्के. ओझर सुमारे ६०० मीटर उंचीवर. तिथलं प्रमाण तापमान ११ अंश. म्हणजे त्या पहाटे धावपट्टीपासून १,००० फूट दाखवणारं विमान जेमतेम २५ फूट खाली. मे महिन्यात, ४० अंशांना, तेच शंभरावर फूट वर असतं. बातम्यांत गाजणारी ही थंडी द्राक्षमण्यांना तडे पाडते, वैमानिकाला फारशी नडत नाही. कॅनडात उणे ३० अंशांना मात्र नडते. तिथे तक्ता बघून उंचीत जादा फूट धरावे लागतात.

मला धास्ती वाटते ती दाबाची. पावसाळ्यात समुद्रसपाटीचा दाब १००३-१००४पर्यंत उतरतो. अल्टिमीटरच्या छोट्या खिडकीत लावलेला दाबाचा आकडा १०१३वरच राहिला, तर एका हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट या हिशेबाने विमान काट्यापेक्षा पावणेतीनशे फूट खाली असतं, आणि चांदवडचे डोंगर तेव्हा ढगात असतात. म्हणून नियंत्रण कक्ष दाब सांगतो, वैमानिक तो परत म्हणतो आणि बटण फिरवतो.

तरीही चूक होते. २३ मे २०२२ला पॅरिसला पावसात उतरणाऱ्या एका एअरबसला १००१ऐवजी १०११ सांगितला गेला. वैमानिकाने तोच परत म्हटला, कोणाच्या लक्षात आलं नाही. धावपट्टीच्या दीड किलोमीटर अलीकडे विमान जमिनीपासून अवघं ६ फूट उरलं होतं. दाबाशी संबंध नसलेला रेडिओ अल्टिमीटर ती उंची दाखवत होता. धावपट्टी दिसेना म्हणून वैमानिकांनी विमान वर खेचलं होतं. विमानतळाच्या ध्वनिमुद्रित हवामान-संदेशात बरोबर आकडा होता. कानावर आलेला दाब त्याच्याशी ताडून पाहायला दोन सेकंद लागतात.