वाळू कुणाकडून घ्यावी?

घर बांधताना सिमेंट आणि सळई कोणत्या कंपनीची, याची चौकशी होते. वाळू मात्र स्वस्त आणि लवकर देईल त्याच्याकडून घेतली जाते. सातारा-सांगली पट्ट्यात ही सवय महागात पडणारी आहे. कारण नदीपात्रातील वाळू हा नुसता बांधकामाचा माल नसून पाण्याचा साठाही आहे.

वाळूच्या कणांमधील पोकळीत पावसाळ्याचे पाणी साठते आणि पुढे काठच्या विहिरींना पुरते. हा थर खरवडला की पात्र खोल जाते आणि विहिरी आटू लागतात. येरळा नदीच्या काठाने हे अनुभवले आहे. खटाव तालुक्यात उगम पावणारी ही नदी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. १९८०च्या दशकात खानापूर तालुक्यातील बलवडी व तांदुळवाडीच्या ग्रामस्थांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीने ठेकेदारांच्या बेसुमार वाळूउपशाला विरोध केला. त्याच वाळूचा मर्यादित भाग स्वतः विकून त्यांनी बळीराजा स्मृती धरणासाठी पैसा उभा केला आणि भूमिहीनांसह सर्व कुटुंबांचा पाण्यावर समान हक्क मानला.

पुढे कायद्यानेही हा प्रश्न गांभीर्याने घेतला. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातील गौण खनिजाच्या उत्खननालाही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक ठरवली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८ नुसार बेकायदा उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

म्हणून पुरवठादाराला पहिला प्रश्न दराचा नव्हे, तर उगमाचा विचारावा. वाळू कोणत्या घाटावरची? वाहतूक परवाना आहे का? त्यावरील वाहन क्रमांक, तारीख व परिमाण प्रत्यक्ष खेपेशी जुळते का? पावती न देणारा आणि रात्रीच माल उतरवणारा पुरवठादार टाळलेलाच बरा.

दुसरा पर्याय काळ्या पाषाणापासून तयार होणाऱ्या कृत्रिम वाळूचा. आयएस ३८३ या मानकाच्या २०१६च्या आवृत्तीत तिला स्थान आहे, तर राज्य सरकारने २०२५ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र धोरण आणले. मात्र क्रशरवरची भुकटी म्हणजे कृत्रिम वाळू नव्हे. मानकानुसार दगड फोडून केलेल्या वाळूत ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण १५ टक्क्यांपर्यंतच चालतात. भुकटी वाढली की काँक्रीटला पाणी जास्त लागते आणि त्याची ताकद घटते. त्यामुळे चाचणीचा अहवाल मागावा. शंका आल्यास अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यावा. डोंगर फोडण्याचीही किंमत असतेच. म्हणून खाणीचा परवाना आणि क्रशरला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आहे का, हेही पाहावे.

या चौकशीला फार तर एक दिवस लागतो. ती टाळल्यास घर उभे राहते, पण नदीकाठच्या कुणाची तरी विहीर कोरडी पडते.