डब्यात सापडलेल्या गोट्या

आमच्या सिंदेवाहीकडे कवेलूची जुनी घरे उतरवून स्लॅबची घरे बांधण्याचे काम जोरात आहे. माळ्यावरच्या पेट्या खाली येतात. त्यांत बटणे, गंजलेले कुलूप, बंद झालेली नाणी असलेला एखादा डबा निघतोच, आणि तळाशी पाच-दहा गोट्या. नाणी कुणीतरी बाजूला काढून ठेवतो. गोट्या लहान पोरांच्या हाती जातात, नाहीतर कबाडीच्या पोत्यात.

माझ्या वर्गातली मुले अशा गोट्या दाखवायला आणतात. काही वर्षांपासून मी त्या मोजून, नोंदवून ठेवते. या छंदाला पैसा लागत नाही. एक भिंग, एक पट्टी, एक वही पुरे. आणि घरातले एखादे बुजुर्ग माणूस, जोवर ते सांगायला आहे तोवर.

गोटी हातात घेतली की आधी रंग पाहू नका, तिची टोके पाहा. जर्मनीतल्या थुरिंगिया भागात लाउशा नावाचे काच कारागिरांचे गाव आहे. तिथे १८४० च्या दशकात गोट्या कापायची खास कात्री निघाली. रंगीत धागे घातलेली तापलेल्या काचेची कांडी ओढायची, आणि पुऱ्यांसाठी कणकेच्या वळकटीचे गोळे तोडतो तसे तिचे गोळे कापायचे. जिथे कापले तिथे खरखरीत ठिपका राहतो. एका किंवा दोन्ही टोकांना असा ठिपका असेल, आणि आतले धागे एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पीळ घेत गेले असतील, तर ती बहुधा हाताने केलेली गोटी. पहिल्या महायुद्धाने या जर्मन धंद्याचे कंबरडे मोडले. त्याआधीच अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात मार्टिन क्रिस्टेन्सन यांनी गोट्यांचे यंत्र तयार केले होते, त्याचे पेटंट १९०५ चे. यंत्रात काचेचा गोळा खाचा असलेल्या फिरत्या रुळांवर गोल होत जातो, म्हणून तिथे ठिपका नसतो. फार तर काच तुटली त्या जागी एक बारीक घडी दिसते. मला आजवर आपल्याकडच्या डब्यात ठिपक्याची एकही गोटी मिळालेली नाही, तरी प्रत्येक गोटीची टोके मी पाहतेच.

आपल्याकडे ढिगाने सापडते ती पारदर्शक गोटी, जिच्या पोटात तीन-चार रंगीत पाकळ्या असतात, मांजरीच्या डोळ्यासारख्या. ही तऱ्हा १९५० च्या सुमारास जपानमधून जगभर गेली. तेव्हा अशी गोटी दाखवून कुणी म्हणाले की ही आमच्या परदादांच्या लहानपणची, तर वाद घालू नका. वहीत मात्र खरे तेच लिहा.

आपल्या मुलुखाची मानाची गोटी माझ्या मते वेगळीच आहे. ती सोड्याच्या बाटलीतली. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली या बाटलीचे पेटंट घेतले. बाटली भरताना उलटी करतात. आतल्या गॅसच्या दाबाने गोटी तोंडाजवळच्या रबरी चकतीवर घट्ट बसते. अंगठ्याने दाबली की आवाज करून खाली येते, आणि ओतताना मानेतल्या खळग्यात अडकून राहते. पत्र्याचे बूच आल्यावर विलायतेत ही बाटली मागे पडली. आपल्या जत्रांत आणि बसस्टँडवर ती अजून दिसते. तिची गोटी साधी असते. आत पाकळी नाही, धागा नाही. काच बहुधा फिकट हिरवट, कारण वाळूतला लोखंडाचा अंश. उजेडासमोर धरली की कधी बारीक बुडबुडे दिसतात, आणि वापरून वापरून वरची चकाकी मंद झालेली असते.

गावातल्या एका चाचांची सोड्याची गाडी होती. गाडी गेली, भरायचे मशीन गेले, बाटल्या कबाडात गेल्या. त्यांच्या पश्चात दादींच्या पानदानातून अशा नऊ गोट्या निघाल्या. नववीतला नातू त्या घेऊन आला. "टीचर, याचे किती येतील?" काहीच येणार नाहीत, हे मी त्याला सरळ सांगितले. मग त्याच्याबरोबर दादींकडे गेले. त्या म्हणाल्या, बाटली फुटली की चाचा तिची गोटी घरी आणून पानदानात टाकायचे. तेवढे नुकसान झाले हे दोघांनाही कळावे म्हणून, तोंडाने बोलायची गरज नको. नऊ गोट्या म्हणजे एका उन्हाळ्यातल्या नऊ बाटल्या. त्या वर्षी ईदला दादींनी नवा जोडा घेतला नव्हता. मुलाने हे शब्द तसेच लिहून घेतले. पावसाळा लागायच्या आत दादींचा इंतकाल झाला. ती हकीकत आज त्या एका वहीत आहे, दुसरीकडे कुठेच नाही.

काचेच्या आधीच्या गोट्या मातीच्या. ओबडधोबड, भाजलेल्या, कधी रंग उडालेल्या. त्यांचे वय हमखास सांगता येत नाही. दगडाच्या गोट्यांत अकीकचा मान मोठा. अंगठीतला अकीक आपण ओळखतो. गुजरातमधले खंभात या कामासाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहे, आणि भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींशी तिथल्या हजरत बाबा घोर यांचे नाव जोडलेले आहे. जर्मनीत इडार-ओबरस्टाइन गावी अकीकच्या गोट्या हाताने घासत. भिंगाखाली अशा गोटीवर बारीक बारीक सपाट जागा दिसतात. एक सोपी खूण लक्षात ठेवा. आत गोल बुडबुडा दिसला की तो दगड नव्हे, काच.

आणि आमच्या जंगलपट्टीतला सागरगोटा? ती झुडपाची बी आहे, काटेरी शेंगेतली, करडी आणि गुळगुळीत. संग्राहक तिला गोटी मानणार नाहीत. माझ्या खोक्यात तिला जागा आहे.

आता देवाणघेवाणीबद्दल. जिंकलेली गोटी आपली, हा डाव आपल्या घरांत वडीलधारे जुगार म्हणून मोडून काढत, आणि ते बरोबरच होते. पण गोळा करणाऱ्याच्या हातूनही तसलाच प्रकार होऊ शकतो. एखाद्या आजीबाईकडे ठिपक्याची जर्मन गोटी आहे, तुम्हाला ती ओळखू आली, तिला नाही. चॉकलेट देऊन नातवाकडून ती उचलणे सोपे आहे. आधी सांगा की ही काय आहे, मग मागा. तसेच टवका गेलेली बाजू खाली ठेवून गोटी बदलून घेऊ नका. ऐब लपवून माल देणे आपल्याकडे काय समजले जाते, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. मोबाइलवर जुनी म्हणून विकायला असलेली गोटी नवख्याने घेऊच नये. ठिपक्यांच्या गोट्या आजही नव्याने बनतात, आणि जुन्या गोट्या घासून पुन्हा चमकवल्या जातात. घासलेल्या गोटीचा ठिपका जातो, आकार कमी होतो, मोलही उतरते.

मोजायला शाळेतला व्हर्निअर उत्तम. नसेल तर गोटी दोन जाड पुस्तकांमध्ये धरा आणि मधले अंतर पट्टीने मोजा. खेळायची नेहमीची गोटी साधारण १६ मिलिमीटरची. कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवा. उकळते पाणी नको, राख नको, घासणी तर नकोच. बरणीत एकत्र ठेवल्या की एकमेकींवर आपटून टवके जातात, म्हणून अंड्यांचा कागदी ट्रे घ्या आणि प्रत्येक खळग्यात एकच ठेवा. खळग्याला क्रमांक द्या. वहीत त्या क्रमांकापुढे चार गोष्टी लिहा: माप, खुणा, कुणाच्या घरातून आली, आणि त्या घरातल्यांनी तिच्याबद्दल काय सांगितले. चौथ्या रकान्यासाठी अर्धे पान मोकळे सोडा. ट्रे मात्र कपाटात वरच्या फळीवर. दोन-तीन वर्षांचे मूल घरात असेल तर गोटी घशात अडकायला क्षणही लागत नाही.