केसरीवाड्याच्या दारात

रमणबागेच्या बाजूने आलेली रांग केसरीवाड्याच्या दारापाशी निमुळती होते आणि तिथेच थबकते. 23 डिसेंबर 2022, शुक्रवार. थंडी बरीच आहे, नारायण पेठेतल्या या रस्त्यावर ऊन अजून उतरलेलं नाही. तरी माणसं येतच आहेत. दुचाकी मिळेल त्या बोळात लावून, कानटोप्या काढत. पोलीस गाड्यांना पुढे सोडत नाहीत, पायी येणाऱ्यांना मात्र कुणी काही विचारत नाही.

माझ्या पुढे चौघीजणी आहेत, कसब्यातल्या एका बचत गटाच्या. पिशवीत शेवंतीची फुलं. एकीच्या तळहातावर कालची हळद अजून पिवळीधमक दिसते. काल मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. घरोघरी महालक्ष्मीच्या व्रताचं उद्यापन, संध्याकाळी सवाष्णींना हळदीकुंकू, हातावर फळ आणि व्रताची पोथी. आणि दुपारीच बातमी आली. "घट मांडलेला, बायकांना बोलावणी गेलेली," ती सांगते. "आल्या सगळ्या. कुंकू लावून घेतलं, पण बसलं कुणी नाही. ज्या आल्या त्या ताईंचंच बोलत होत्या."

ताई म्हणजे मुक्ता टिळक. पुण्याच्या माजी महापौर, कसब्याच्या आमदार, लोकमान्यांच्या पणतसून. वय अवघं 57. कर्करोगाचं दुखणं बराच काळ चाललं होतं आणि शहराला ते ठाऊक होतं. जूनमध्ये राज्यसभेच्या आणि पाठोपाठ विधान परिषदेच्या मतदानाला त्या रुग्णवाहिकेतून मुंबईला गेल्या, ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं आहे. रांगेत त्यावर दोन मतं आहेत. मागचे गृहस्थ म्हणतात, इतक्या आजारी बाईला न्यायला नको होतं. बचत गटातली एक जण मागे वळून ठामपणे म्हणते, "नेलं कशाला म्हणता? त्या गेल्या." मला तिचंच पटतं. त्या प्रवासात कुणाला पक्षाची आकडेमोड दिसेल. मला दिसते ती लोकांनी दिलेलं काम शेवटपर्यंत अंगावर घेणारी बाई.

रांग दोन पावलं सरकते. आत, वाड्याच्या अंगणात, बोलणं आपोआप खाली येतं. हा गायकवाडांचा वाडा लोकमान्यांनी घेतला, इथून 'केसरी' निघू लागला, इथेच मानाचा पाचवा गणपती बसतो. भाद्रपदात याच दारातून त्याची पालखी बाहेर पडते. आज त्याच दारातून माणसं हात जोडून आत येतायत. सुती साडीतल्या आजी, कामावर जायच्या आधी आलेला महापालिकेचा सफाई कर्मचारी, शाळेच्या गणवेशातली दोन मुलं, राजकारणातली सगळ्या पक्षांची मंडळी. हारांचा ढीग वाढला की एक कार्यकर्ता वरचे हार उचलून बाजूला ठेवतो, चेहरा झाकला जाऊ नये म्हणून. पुन्हा हार येतात, पुन्हा तो उचलतो. त्याचे डोळे सुजलेले आहेत, पण हात थांबत नाहीत. सफाई कर्मचारी पायाशी डोकं टेकवतो आणि क्षणभर उठतच नाही. कुणी त्याला पुढे ढकलत नाही.

या माणसाला महापौराकडून काय मिळालं असेल? कायद्याच्या पुस्तकात पाहिलं तर महापौराच्या हाती फारसं काही नसतं. सर्वसाधारण सभेचं अध्यक्षपद त्याचं, पण प्रशासन आयुक्तांचं आणि खर्चाच्या मंजुऱ्या स्थायी समितीच्या. शिवाय पद अडीच वर्षांचं, तेही आरक्षणाच्या सोडतीवर. तरीसुद्धा नळाला पाणी नाही, गटार तुंबलंय, दाखला अडलाय, म्हणून माणूस आयुक्तांकडे जात नाही. तो नगरसेवकाकडे जातो, आणि तिथे नाही झालं तर महापौरांकडे. मुक्ताताई 2002 पासून सलग चार वेळा नगरसेविका होत्या, 2017 साली भाजपच्या पुण्यातल्या पहिल्या महापौर झाल्या. त्याच वर्षी महापालिकेने पाणी योजनेसाठी 200 कोटींचे रोखे काढले, ते मुंबई शेअर बाजारात गेले. मोठी गोष्ट. पण रांगेत रोख्यांबद्दल कुणी बोलत नाही. बोलतात ते फोन उचलण्याबद्दल.

आणि गणपतीबद्दल. विसर्जनाच्या दिवशी मंडईतल्या टिळक पुतळ्यापाशी महापौरांनी कसबा गणपतीची आरती करायची आणि मग मिरवणूक हलायची, ही या शहराची रीत. टिळकांच्या घरातली सून महापौर म्हणून त्या पुतळ्यापाशी आरतीला उभी राहिली, हे ज्यांनी पाहिलं ते आज पुन्हा पुन्हा सांगतायत. तेव्हाच सार्वजनिक गणेशोत्सव आधी कुणी सुरू केला, टिळकांनी की भाऊसाहेब रंगारींनी, हा वाद पेटला होता. टिळक आडनावाच्या महापौरांना ते वर्ष सोपं गेलं नसणार.

यंदा भाद्रपदात पुण्याला महापौरच नव्हता. आजही नाही. मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. माजी महापौर इथे दिसतायत, नगरसेवकही दिसतायत, पण तेही सगळे माजीच. शहराच्या वतीने पुष्पचक्र वाहायला लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस महापालिकेत नाही. मला हे फार लागतं. ज्या बाईंनी वीस वर्षं त्या सभागृहात काढली, त्यांच्यासाठी त्या सभागृहात शोकप्रस्ताव मांडायला सभासदच नाहीत.

घोषणा सुरू होतात. "मुक्ताताई अमर रहे." गर्दी दुभंगून वाट देते. फुलांनी सजवलेल्या गाडीची वैकुंठ स्मशानभूमीकडे निघायची तयारी होते आणि बायका जिथल्या तिथे थांबतात. दारापर्यंत यायचं, पुढे पुरुषांनी जायचं, हे अंगवळणी पडलेलं आहे. बचत गटातल्या दोघी परत फिरतात. तिसरी घुटमळते.

हळदीच्या हाताची ती मात्र पदर खोचते. "महापौर झाल्या तेव्हा कुणी म्हटलं का, बाईने इथवरच यायचं?" ती तिसरीला विचारते. कुणी उत्तर देत नाही. गाडी हलते. ती गर्दीत शिरून चालायला लागते, दहा पावलांवर मागे वळून हाक मारते, "येताय का?" घुटमळणारी तिसरी चपला नीट करते आणि तिच्या मागे निघते. मग रस्त्याकडेच्या घोळक्यातून आणखी काही जणी.