मांजरेचें पाणी : दात्यांस निवेदन व विनंती

व्यापारी, जमीनदार व इतर उदार गृहस्थांस सविनय निवेदन कीं, दुष्काळांत धान्य व पैसा परमुलुखांतून आणतां येतो. परंतु पाणी आणावयाचें म्हटलें म्हणजे काय प्रसंग गुदरतो, हें मांजरा खोऱ्यानें २०१६ सालीं पाहिलें आहे. त्या अनुभवाचा हिशेब आपणांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मांजरा नदी बीड जिल्ह्यांत बालाघाटच्या डोंगरांत उगम पावून पुढें गोदावरीस मिळते. धनेगांव येथें तिजवर धरण आहे. लातूर, अंबेजोगाई, केज, कळंब इत्यादि गांवांचें पिण्याचें पाणी आणि कालव्याखालील शेती, दोहोंचीही भिस्त त्यावरच आहे. २०१२, २०१४ व २०१५ सालीं पर्जन्यानें दगा दिला. धरण कोरडें पडलें. विंधन विहिरी खोल नेऊनही आटल्या. २०१६ च्या मार्चांत लातुरास पाणी भरण्याच्या जागीं जमावबंदीचा हुकूम लावावा लागला. १२ एप्रिल रोजीं मिरजेहून सुमारें ३४० किलोमीटरांची वाट चालून पाण्याची पहिली आगगाडी तेथें पोंचली. तिच्या १० वाघिणींत ५ लक्ष लिटर पाणी होतें; पुढें ५० वाघिणींतून खेपेस २५ लक्ष लिटर येऊं लागलें. कृष्णाकांठचे हे उपकार विसरण्याजोगे नाहींत.

आतां थोडें गणित पाहावें. पाटानें भिजविलेल्या १ हेक्टर उसास वर्षाकाठीं सुमारें २ कोटी लिटर पाणी लागतें. म्हणजे ५० वाघिणींच्या ८ गाड्या! उलट ४ लक्ष वस्तीच्या शहरास माणशीं रोज १३५ लिटर धरिले, तरी वर्षाचें पाणी सुमारें १ हजार हेक्टर उसाच्या पाण्याइतकेंच भरतें.

ऊस लावणारास आम्ही दोष देत नाहीं. तुरीचा भाव आज आहे तर उद्यां नाहीं. उसास कारखान्याचें गिऱ्हाईक ठरलेलें असतें. कर्जबाजारी कुणबी खात्रीच्या पिकाकडे वळला, तर त्यांत नवल तें काय? राज्याच्या जलनीतींत पिण्याच्या पाण्यास पहिला मान आहे. पण धरण आटल्यावर त्या मानाचा उपयोग कोणास? पाणी राखावयाचें तें साठा भरलेला असतांनाच राखिलें पाहिजे.

म्हणून आमची विनंती त्रिविध आहे. जमीनदारांनीं ऑक्टोबरांत साठा मोजला जातांच पुढील पावसाळ्यापर्यंतचें, शक्य तर त्यापलीकडचेंही, पिण्याचें पाणी बाजूस काढण्यास संमति द्यावी. कमी साठ्याच्या वर्षीं नवी लागण करूं नये व आहे तो ऊस ठिबकावर घ्यावा. नगरवासीयांनीं नळांची गळती बंद करावी व पाणी मापानें घ्यावें. व्यापारी बंधूंनीं द्रव्यद्वारें साह्य करावें. कारण टँकरावर खर्चिलेला रुपया एक दिवस तहान भागवितो, तर विहीर दुरुस्त करण्यांत व ओढ्याचा गाळ काढण्यांत घातलेला रुपया प्रत्येक पावसाळ्यांत कामास येतो.

२०१६ च्या पावसाळ्यांत धरण पुन्हां भरलें, आणि भरलें धरण पाहून दुष्काळ विसरण्याची आपली जुनी रीत आहे. ती रीत मोडण्यास आपण हातभार लावावा. पैशाचें दान आम्ही कृतज्ञतेनें स्वीकारूंच. परंतु आपल्या शेतांत न घेतलेलें पाणी हेंही दानच आहे, आणि आमच्या मतें तें अधिक मोलाचें आहे.