काळ्या मातीतील वाढीव बांधकामाचा पाया

राहत्या घराला लागून खोली, स्वयंपाकघर किंवा जिना बांधताना नव्या भागासाठी जो स्वतंत्र पाया घातला जातो, त्यास वाढीव बांधकामाचा पाया म्हणतात. जुने घर अनेक वर्षांत बसून स्थिरावलेले असते. नवा भाग मात्र बांधल्यानंतर खचू लागतो. त्यामुळे दोहोंच्या सांध्यावर तडा जातो. बुलढाणा जिल्ह्यात काळ्या मातीमुळे हा धोका वाढतो.

मातीचे स्वरूप

बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनलेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज असते. ते पाणी शोषून फुगते व वाळल्यावर आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा याच गुणाच्या. तापीची उपनदी असलेल्या पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव या भागांत, मातीचा थर खोल आहे. बुलढाणा-चिखलीच्या पठारावर पुष्कळ ठिकाणी थोड्या खोलीवर मुरूम लागतो. जुन्या व्यवहारात शेतीची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची ती ‘पांढरी’ असा भेद होता. गावठाणाबाहेर वाढलेली घरे काळीत उभी राहिल्याने शेजारच्या जुन्या घराचा पाया पाहून खोली ठरवणे धोक्याचे ठरते.

फुगवट्याची चाचणी सोपी आहे. चाळलेल्या कोरड्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन नमुने दोन मापपात्रांत घेऊन एकात पाणी व दुसऱ्यात रॉकेल ओततात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. २४ तासांनंतर दोन्हींच्या आकारमानात पडलेल्या फरकावरून फुगवटा कळतो.

आखणी

प्रथम जुन्या पायाजवळ लहान खड्डा घेऊन त्याची खोली व रुंदी पाहावी. नवा पाया शक्यतो मुरमापर्यंत न्यावा. मात्र तो जुन्या पायाच्या तळाखाली जाणार असेल, तर सलग चर खणू नये. जुन्या भिंतीखालची माती सरकून भिंत कोसळू शकते. अशा वेळी लहान टप्प्यांत, एकाआड एक खणून काँक्रीट भरावे लागते व अभियंत्याचा सल्ला अनिवार्य ठरतो. काळा थर फार खोल असल्यास रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असे अंडर-रीम्ड पाइल वापरतात. ते साधारण ३.५ मीटर किंवा अधिक खोल असतात.

जुन्या भिंतीत भोके पाडून सळया अडकवल्या की घर एकजीव होते, हा समज चुकीचा आहे. उलट दोन्ही भागांत सुमारे २५ मिलिमीटर फट ठेवून ती लवचीक भरणाने बुजवावी. जोत्याच्या तुळईखाली मोकळी जागा सोडावी. जोत्यात खणलेली काळी माती परत न भरता मुरूम भरावा, तसेच छताचे व मोरीचे पाणी पायापासून दूर न्यावे.

साहित्य व हंगाम

१.२ मीटर लांब-रुंद आणि ०.३ मीटर जाड अशा चार फुटिंगना सुमारे १.७३ घनमीटर काँक्रीट लागते. १:१.५:३ या प्रमाणात त्यासाठी ५० किलोच्या सुमारे १४ गोण्या सिमेंट पुरते. सळई व तळाच्या पीसीसीचा हिशेब वेगळा.

पावसाळ्यात चरात पाणी साचते व बाजू ढासळतात, म्हणून काम दिवाळीनंतर काढणे सोयीचे. उन्हाळ्यात केल्यास टंचाईचा विचार आधी करावा लागतो, कारण भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस, तर कोरड्या व उष्ण हवेत किमान १० दिवस पाणी मारावे लागते.